काळा तिरका

बुधवार पेठेतल्या त्या छापखान्यात इंग्रजी ठळक तिरक्या टाइपाला त्याच्या खऱ्या नावाने कुणी ओळखत नसे. दत्तोबा जुळाऱ्याने त्याचं नाव 'काळा तिरका' ठेवलं होतं आणि तेच चालत आलं. साधं उभं अक्षर पानावर मुकाट्याने ओळीत बसतं. हा बसत नसे. अंगाने जाड, पुढे झुकलेला, टोकांना बारीक पाय फुटलेले. वाऱ्यात डोकं घालून चाललेल्या माणसासारखा.

"ह्यो ओळीत उभाच ऱ्हात न्हाई, ताई," दत्तोबा म्हणे. "सदा निघालेलाच असतोय कुठंतरी."

मुद्रितं तपासणाऱ्या शालन निगडेला हे वर्णन शास्त्राला धरून वाटे. छापखान्यात काळा तिरका एकाच पुस्तकासाठी आणला होता, आणि त्या पुस्तकात तो ज्या राशींसाठी वापरायचा त्या खरोखरच कुठेतरी निघालेल्या असत.

ते पुस्तक म्हणजे हडपसरच्या प्राध्यापक बापूराव तुपे यांचं 'विद्युत आणि चुंबकत्व'. भौतिकशास्त्रात काही राशींना नुसतं परिमाण पुरतं: तापमान, वस्तुमान. काहींना परिमाणाबरोबर दिशाही लागते: बल, वेग. पहिल्या अदिश, या दुसऱ्या सदिश. हाताने लिहिताना सदिशाच्या डोक्यावर बाण काढतात. छापताना प्रत्येक अक्षरावर बाण बसवणं जिकिरीचं, म्हणून अक्षरच ठळक आणि तिरकं करतात. बारीक तिरका F म्हणजे बल किती एवढंच. काळा तिरका F म्हणजे बल किती आणि कुणीकडे.

१९८१ साली पहिली आवृत्ती निघाली तेव्हा शालन तेवीस वर्षांची होती. बी. एस्सी. झाली होती, एम. एस्सी.च्या प्रवेशाची वाट बघत होती, आणि सरांनीच तिला दोन महिन्यांसाठी मुद्रितं तपासायला छापखान्यात पाठवलं होतं. विद्युतक्षेत्राचं प्रकरण जुळवताना त्या क्षेत्राची खूण असलेल्या E चे शिशाचे खिळे संपले. टाइप ओतणाऱ्या फाउंड्रीने खिळे इंग्रजी भाषेच्या गरजेने दिले होते, विद्युतक्षेत्राच्या गरजेने नव्हे. मग आठ पानं छापायची, खिळे सोडवायचे, धुवायचे, पुन्हा पुढची आठ पानं जुळवायची, असं ते प्रकरण पाच आठवडे चाललं. दोन महिन्यांचे सात झाले. प्रवेश हुकला. वडील त्याच वर्षी गेले, आणि शालन छापखान्यात राहिली ती राहिलीच.

त्या पुस्तकाला कधी बक्षीस मिळालं नाही. पण शिरूर, दौंड, इंदापूरकडची मुलं वर्गात इंग्रजीतून ऐकत, रात्री हे मराठीतून वाचत, समजून घेत आणि पेपर पुन्हा इंग्रजीत लिहीत. शालनही तसंच शिकली होती. फरक एवढाच, की तिच्या वेळी पुस्तक नव्हतं, सरांच्या हस्तलिखित टिपणांची वही होती. पुस्तकात पंच्याऐंशी चुका राहिल्या होत्या. त्या सरांनी अठरा वर्षं स्वतःच्या प्रतीत लाल शाईने नोंदवून ठेवल्या होत्या. दुसरी आवृत्ती निर्दोष काढायची, एवढी एकच इच्छा निवृत्तीनंतर त्यांनी धरली होती.

१९९९च्या जानेवारीत डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की डोळ्यांचे पडदे झिजत चालले आहेत, यावर उपाय नाही, आणि वाचण्याजोगी नजर फार तर दिवाळीपर्यंत टिकेल.

सर सावकाश चालत छापखान्यात आले, शालनच्या टेबलाशी बसले आणि हे सगळं त्यांनी तिला एखाद्या प्रयोगाचं निरीक्षण सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाले, "दिवाळीच्या आत निघालं पाहिजे, शालन. छापलेलं मला बघायचंय. दुसऱ्याने वाचून दाखवलेलं नकोय."

"निघेल, सर."

"चुका?"

"एकही नाही राहायची."

हे बोलून गेल्यावर तिला वाटलं, की असं म्हणायला नको होतं. कुठल्याही मोजमापात त्रुटी शून्य नसते, हे त्यांनीच शिकवलेलं.

छापखाना तोवर पार बदलला होता. खिळे मोडीत गेले होते, काळ्या तिरक्याचे खिळे ठेवायची केससुद्धा. दत्तोबा वाईला लेकीकडे गेला होता. मालक रंगराव घरी बसले होते आणि त्यांचा मुलगा विश्वजीत तीन कंप्युटर घेऊन धंदा चालवत होता. लग्नपत्रिका, हिशेबाच्या सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं, हडपसर-खराडीकडच्या नव्या सोसायट्यांची रंगीत पत्रकं. गंमत म्हणजे काळा तिरका आता जिथे तिथे दिसे. बिल्डरला आपली घोषणा ठळक आणि तिरकी हवी असे, क्लासवाल्यांना शंभर टक्के निकाल ठळक आणि तिरका हवा असे.

"गिऱ्हाइकाला वाटतं, तिरकं केलं की गाडी धावतेय," विश्वजीत म्हणायचा. "आपलं काय जातं? एक बटण बीचं, एक आयचं."

सरांचं पुस्तक त्याने वडिलांच्या शब्दाखातर घेतलं होतं. ते टाइप करायला अमरावतीहून आलेली पूर्णिमा होती, बावीस वर्षांची, अतिशय वेगवान. मराठीचा फाँट वेगळा, इंग्रजीचा वेगळा. मधलं बटण दाबायला विसरलं की बलाच्या F ऐवजी भलतंच मराठी अक्षर उमटे. पहिल्या मुद्रितात विद्युतक्षेत्राच्या जागी ओळीने 'म्' आले होते.

"मॅडम, हे म् कायचं क्षेत्र आहे?" पूर्णिमाने विचारलं.

"म्हशीचं," शालन म्हणाली, आणि दोघी हसल्या.

पण मुलगी मन लावून शिकली. शालन सदिश अक्षराखाली एक सरळ रेघ ओढे, ती तिरक्याची खूण. तिच्याखाली एक नागमोडी रेघ, ती ठळकाची. नुसती सरळ रेघ म्हणजे बारीक तिरकं. तीन महिन्यांत चार मुद्रितं झाली. चौथ्या वेळेपर्यंत पूर्णिमा न विचारता सांगू लागली, "मॅडम, इथे डाव्या बाजूला काळा आहे नं, मग उजवीकडे एकटा बारीक कसा चालेल?"

शालनने वर पाहिलं. "नाही चालत. सदिश आणि अदिश यांच्यामध्ये बरोबरची खूण येऊ शकत नाही. तू भौतिकशास्त्र घेतलं होतंस?"

"मी तर कॉमर्सची. पाहूनपाहून समजून राहिली."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शालनने शेवटच्या मुद्रितावर, दोनशे चौसष्टच्या दोनशे चौसष्ट पानांवर, 'छापण्यास योग्य' लिहून सही केली. निघताना विश्वजीतने दारातून विचारलं, "ताई, झालं ना तुमचं? मग मी आज पानं आवळतो आणि फिल्मला पाठवतो."

"आवळ," ती म्हणाली.

पुढे तिने या एका शब्दाचा फार विचार केला. छापखान्यात तिची अठरा वर्षं गेली होती आणि त्यांतली पहिली तेरा शिशाची. शिशाच्या छापखान्यात पानं आवळणं म्हणजे मंजूर झालेली पानं लोखंडी चौकटीत घालून चहूबाजूंनी घट्ट कसणं. ते सगळ्यात शेवटचं काम. एकदा हा फर्मा, म्हणजे पानांसकट चौकट, आवळला की अक्षर हलत नाही. उचलून आपटला तरी हलत नाही. 'आवळतो' हा शब्द ऐकला की शालनचं मन पुस्तकावरून सुटायचं. त्या दिवशीही सुटलं. स्वारगेटला उतरून तिने बिबवेवाडीची बस धरली आणि आईसाठी अर्धा डझन केळी घेतली.

विश्वजीतला 'आवळतो' म्हणजे जागा कमी करतो, असं म्हणायचं होतं. कागदाच्या एका तावाच्या सोळा पानांच्या हिशेबाने दोनशे छप्पन्न पानं बरोबर बसत होती. वरची आठ अडचण करत होती. त्याने ओळींमधलं अंतर किंचित कमी केलं, आणि पुस्तकभर जिथे जिथे इंग्रजी अक्षर असेल तिथे ते एक घर लहान कर, असा एकच हुकूम कंप्युटरला दिला. त्या हुकमाच्या चौकटीत आकाराशेजारी दुसरा एक रकाना होता, अक्षराच्या ढंगाचा. तिथे आधीपासूनच 'साधं' होतं. ते त्याने पाहिलं नाही. यंत्राने पाहिलं. पुस्तकातलं प्रत्येक इंग्रजी अक्षर लहान झालं, आणि साधं झालं, आणि सरळ उभं राहिलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बांधणीवाल्याकडून अकराशे प्रती आल्या. शालनने वरची प्रत घेतली, सवयीप्रमाणे आधी वास घेतला आणि मधूनच उघडली. पान स्वच्छ दिसत होतं. शाई एकसारखी, समास सारखे. एकही शब्द चुकलेला नव्हता. तरी काहीतरी चुकलं होतं, आणि काय ते तिला क्षणभर कळेना. पान तिला सपाट वाटलं, झोपल्यासारखं. मग अडतिसाव्या पानावरची तळटीप तिने वाचली.

'F आणि F यांत विद्यार्थ्यांनी कधीही गल्लत करू नये.'

पहिल्या आवृत्तीतली सरांची सगळ्यात गाजलेली तळटीप. तिच्यात एक F काळा तिरका होता आणि एक बारीक. आता दोन जुळे भाऊ शेजारी उभे राहून, आमच्यात गल्लत करू नका, असं सांगत होते.

ती प्रत घेऊन विश्वजीतच्या टेबलाशी गेली. त्याला तिने ती ओळ दाखवली. तो दोनदा वाचून हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. फाइल उघडून त्याने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"च्यायला. सॉरी, ताई. हे नॉर्मल राहून गेलं." जरा वेळाने म्हणाला, "पण वाचता येतंय ना सगळं?"

"वाचता येतंय. अर्थ लागत नाही."

"ताई, खरं सांगू? कोण वाचणारे? कॉलेजांकडून किती मागणी आलीये माहितीये? दोन लायब्ऱ्या. फिजिक्सला पोरं कुठेत आता? सगळी कंप्युटरला. पुन्हा नाही छापता येणार. बाबांना विचारा हवं तर, ते पण हेच म्हणतील." आणि खरोखर वाईट वाटून म्हणाला, "शुद्धिपत्र टाकू. चकाचक आर्ट पेपरवर."

शालन आपल्या जागेवर बसली आणि तिने मोजलं. काळ्या तिरक्याच्या जागा दोन हजार नऊशे बारा. एकेक दुरुस्ती लिहायची तर शुद्धिपत्र पुस्तकाच्या अर्ध्याएवढं होईल. शेवटी तिने एकच वाक्य लिहिलं: 'या पुस्तकातील सर्व सदिश राशी ठळक व तिरक्या टाइपात आहेत असे समजावे.'

पूर्णिमाने ते टाइप केलं. कागद हातात देताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मॅडम, यातलं 'ठळक व तिरक्या' तरी ठळक तिरकं करू?"

"नको. मराठी अक्षर तिरकं होत नाही. मशीन नुसतं ढकलतं त्याला."

रविवारी शालन हडपसरला गेली. बस गाडीतळावर सोडायची आणि तिथून सरांच्या घरापर्यंत पंधरा मिनिटं चालायचं. पूर्वी ही वाट भाजीच्या वाफ्यांतून जाई. आता एका बाजूला काचेची इमारत उभी राहत होती. वाटेत तिने कसं सांगायचं ते ठरवलं: आधी कारण, मग परिणाम, मग आपली चूक. तिसरा भाग तिने तीनदा मनात म्हणून पाहिला.

दार आनंदीबाईंनी, सरांच्या पत्नीने, उघडलं. "आलात? आणलं का? सकाळधरनं खिडकीत बसल्यात. आंगूळ करा म्हनलं तर म्हनत्यात, पुस्तक आल्यावर. पुस्तकाचं लगीन हाय जनू."

सर खिडकीपाशी भिंग घेऊन बसले होते. शालन बोलायला लागणार तोच त्यांनी हात पुढे केला आणि तिने पुस्तक दिलं. त्यांनी कव्हरवरून तळवा फिरवला. मधलं एक पान उघडलं, भिंग धरलं, ते वरून खाली सावकाश नेलं. दुसरं पान उलटलं. तिसरं.

"शालन, ही पानं कोरी सुटलीत का?"

"नाही, सर."

"मग?"

तिने सांगितलं. ठरवलेल्या क्रमाने सांगायचं राहून गेलं. 'आवळ' या शब्दापासूनच तिने सुरुवात केली. ते ऐकत होते आणि पान उलटत होते. तिचं संपल्यावर म्हणाले, "प्रुफं तू मला वाचून दाखवायचीस ना? तू गेल्यावर मी ती परत बघायचो. मजकूर नाही दिसत मला एप्रिलपासून. करडं दिसतं सगळं. पण ते काळे दिसायचे. E, B, F. तेवढेच. कुठला कुठल्या ओळीत, त्यावरून आख्खं पान मला कळायचं." भिंग मांडीवर ठेवून ते म्हणाले, "तुला सांगितलं नाही. तू प्रुफं माझ्याकडे ठेवून जायचं बंद केलं असतंस."

आनंदीबाई चहाचे कप घेऊन दारात थांबल्या होत्या. "म्हंजी काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले. "राशी आहेत. दिशा नाहीत."

"कुनाला दिसनार हाय म्हना," त्या कप ठेवत म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

मग शालनने पर्समधून ड्रॉइंगचं पेन काढलं. ते तिने का आणलं होतं हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. "सर, ही एक प्रत मी हाताने करून देते."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं. तीही तेच मोजत होती. एका अक्षराला शाई भरून ती वाळेपर्यंत थांबायचं. त्याआधी हे अक्षर सदिश आहे की अदिश ते समीकरणावरून ठरवायचं, कारण दोन्ही आता सारखीच होती, आणि खुणा केलेली मुद्रितं फिल्मनंतर रद्दीत गेली होती. रविवारी दीडशे झाली तर खूप. दिवाळीपर्यंत रविवार बारा.

"अठराशे," सर म्हणाले. "प्रवर्तनाच्या प्रकरणापासून पुढचं राहील."

"जाड होतील, पण तिरकी नाही होणार. उभं छापलेलं अक्षर पेनाने तिरकं करता येत नाही."

"जाड पुरे. तिरकेपणाचं राहू दे."

अशा रीतीने ती दर रविवारी जाऊ लागली. खिडकीपाशी स्टुलावर बसून ती F काळा करी, E काळा करी. पान वाळलं की सरांच्या हातात देई. ते भिंग फिरवत. "चौथ्या ओळीत दोन. बरोबर?" "बरोबर." कधी म्हणत, "इथे एक सुटलाय, ds राहिलाय," आणि खरोखर राहिलेला असे. अठरा वर्षांनी ती पुन्हा ओळ न ओळ भौतिकशास्त्र करत होती. ते तिला अजून येत होतं. याचा आनंद होत नाही, हे तिच्या लक्षात आलं; नुसतं येत होतं.

गणपती झाले. नवरात्र आलं. तिचा वेग दीडशेचा नव्हता, शंभराच्या आसपास होता. छापखान्यात उरलेल्या प्रती माळ्यावर गेल्या. शुद्धिपत्राच्या चकाचक पट्ट्या पहिल्या दोनशे प्रतींत चिकटवल्या गेल्या आणि मग एका सोसायटीच्या पत्रकाची घाई आली. पूर्णिमा हिंजवडीच्या एका कंपनीत लागली.

सर आता ओळींचा आकडा सांगायला वेळ घेऊ लागले होते. एकदा त्यांनी दोनऐवजी तीन सांगितले. तिने "बरोबर" म्हटलं आणि लगेच, "नाही सर, दोन," अशी दुरुस्ती केली. ते म्हणाले, "थँक यू."

दिवाळीला तीन आठवडे होते तेव्हाच्या रविवारी ती एकशे चार पानावर होती. पाण्याच्या मोटरचा आवाज चालू होता. तिने पान वाळवून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी भिंग वरून खाली नेलं, पुन्हा वर नेलं. पुस्तक खिडकीकडे थोडं तिरपं केलं. मग ते मिटून तिच्याकडे दिलं, इतक्या जपून, की चालू पान तिला लगेच सापडावं.

"कुठवर आलीस?"

"चुंबकीय बल. सुरुवात."

"मग थांब आता."

"उजेड कमी आहे, सर. ढग आलेत."

"ऊन आहे, शालन. हातावर लागतंय."

त्यांनी भिंग चाचपत पेटीत ठेवलं, पेटीचं झाकण लावलं आणि आनंदीबाईंना हाक मारली, "अहो, अंघोळीचं पाणी काढा."

शालनने पुस्तक उघडलं. एकशे पाच पानाच्या पहिल्याच ओळीत तिने घाईत अर्धं काम करून ठेवलं होतं. समीकरणाच्या डावीकडचा F काळा झाला होता. उजवीकडे वेगाचा v आणि चुंबकीय क्षेत्राचा B साधेच उभे होते. डावीकडे दिशा, उजवीकडे नाही. पेनाला टोपण घातलं होतं, ते तिने काढलं. v भरला. B भरला. वाळेपर्यंत फुंकर घातली. मग पुस्तक मिटून तिने ते सरांच्या मांडीवर ठेवलं, आणि चपला घालायला बाहेर आली.